एका क्लिकचे दोन : परळमधल्या एका माऊसचं प्रकरण

मावसभावाने फोनवर मागणी केली ती अशी : "दादा, एक माऊस सांग. निदान बारा हजार डीपीआयचा, वायरलेस, अजिबात आवाज न करणारा आणि तीन हजारांच्या आत." (डीपीआय म्हणजे पॉइंटर किती झपाट्याने पळतो ते ठरवणारा माऊसचा आकडा, त्याचा हिशेब पुढे येतोच.)

मी फोर्टमधल्या पाच-सहा लहान ऑफिसांचे कंप्युटर सांभाळतो. अशा मागण्या आठवड्याला दोन तरी येतात आणि बहुतेक वेळा मी एखादं मॉडेल सांगून मोकळा होतो. पण होळीचा दुसरा दिवस होता, मावशीकडे पुरणपोळ्या उरलेल्या असणार हे ठाऊक होतं, म्हणून म्हटलं, येऊनच बघतो. बरं झालं गेलो. त्याने सांगितलेल्या चार अटींपैकी शेवटी दोनच टिकल्या.

आधी माणूस आणि जागा. भाऊ 31 वर्षांचा, एका मालवाहतूक कंपनीच्या हिशेब विभागात. आठवड्यातले तीन दिवस बीकेसीला, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात, ऑफिस (परळहून स्लो लोकलने कुर्ला आणि पुढे शेअर रिक्षा), दोन दिवस घरून काम. दिवसभर एक्सेल. रात्री अकरा ते साडेबारा शाळेतल्या चार मित्रांबरोबर व्हॅलोरंट, हा ऑनलाइन गोळीबाराचा खेळ. स्पर्धा वगैरे काही नाही. हरले तरी हसतात. घर म्हणजे चौथ्या मजल्यावरचं वन-रूम-किचन. खिडकीला लागून प्लायवूडचं जुनं कंप्युटर टेबल, त्याला सरकता ट्रे, आणि टेबलापासून पाच फुटांवर मावशीचा दिवाण. ती दहाला झोपते.

जुना माऊस अडीच वर्षांचा, वायरचा, नावाजलेल्या कंपनीचा. तक्रार एका वाक्यात : एक क्लिक केला की दोन होतात. फोल्डरवर एकदा टिचकी मारली की तो उघडतोच. चिडचिड झाली तरी इतकं चालून जातं. खरी पंचाईत उलट्या बाजूने होती. एक्सेलमध्ये दहा ओळी धरून खाली ओढताना मध्येच माऊसने पकड सोडली आणि एका पार्टीची बिलं दुसऱ्या पार्टीच्या खात्यात जाऊन बसली. साहेबांनी मेल केला, "हे काय?" त्या मेलनंतरच मला फोन आला होता. खेळात गोळीबार मध्येच थांबतो, ही तक्रार त्याने लाजत लाजत दुसऱ्या नंबरावर सांगितली.

माऊस मेलाय की आजारी आहे?

नवीन घ्यायच्या आधी मी हे नेहमी बघतो, कारण निम्म्या वेळा दोष दुसरीकडेच असतो. पोर्ट बदलला, मग माऊस त्याच्या ऑफिसच्या लॅपटॉपला लावला. दोष माऊसबरोबर गेला. म्हणजे विंडोज निर्दोष.

त्याने सेटिंगमध्ये जाऊन डबल-क्लिकचा वेग बदलून पाहिला होता. त्याने काही होणार नव्हतं. विंडोजमध्ये मुळात 500 मिलिसेकंदांच्या आत दोन क्लिक आले की त्याला डबल-क्लिक मानतात. पट्टी अगदी टोकाला नेली तरी ती मुदत 200 पर्यंतच उतरते. बिघडलेलं बटण जे दोन क्लिक पाठवतं त्यांच्यातलं अंतर याहून कितीतरी कमी असतं. माणसाच्या बोटाला 80 मिलिसेकंदांच्या आत दुसरा क्लिक साधणं फार अवघड. स्विच मात्र ते सहज करतो.

तपासणीची सोपी रीत अशी. डेस्कटॉपच्या मोकळ्या जागेत डावं बटण दाबून धरायचं आणि निवडीचा निळसर चौकोन ओढत राहायचं, सावकाश, गोल गोल. बटण ठीक असेल तर चौकोनाचा पहिला कोपरा जिथल्या तिथे राहतो. बिघडलेलं असेल तर तो कोपरा मध्येच उडी मारून नव्या जागी जातो. भावाच्या माऊसने अर्ध्या मिनिटात तीन उड्या मारल्या. मग शंभर सुटे क्लिक मोजले, त्यातले नऊ दुहेरी निघाले. उजवं बटण मात्र ठणठणीत. हे उजवं बटण लक्षात ठेवा, शेवटी कामाला येणार आहे.

असं का होतं? बटणाखाली एक छोटा मायक्रोस्विच असतो. त्यात तांब्याच्या मिश्रधातूची पातळ वाकवलेली पट्टी. बोट दाबलं की ती टकदिशी पलटते आणि तिचं टोक समोरच्या संपर्कबिंदूला टेकतं. डग्लस एंगेलबार्ट आणि बिल इंग्लिश यांनी 1964 मध्ये लाकडी खोक्याला चाकं लावून पहिला माऊस केला. तेव्हापासून चाकांच्या जागी गोळी आली, गोळीच्या जागी प्रकाश आला, पण बहुतेक माऊसच्या बटणात आजही धातूला धातूच टेकतो. टेकताना तो क्षणभर थरथरतो. नव्या स्विचची थरथर इतकी अल्प असते की माऊसमधली चिप काही मिलिसेकंद थांबून ती गिळून टाकते. पट्टीचा ताण कमी झाला किंवा टोकावर गंजाचा पापुद्रा बसला की थरथर लांबते, चिपच्या संयमापलीकडे जाते आणि कंप्युटरला दोन क्लिक दिसतात. ओढताना पकड सुटते तीही याचमुळे.

डब्यावर एक कोटी, दोन कोटी क्लिकचं आयुष्य छापलेलं असतं. भावाने हिशेब मांडला : दिवसाला पाच हजार क्लिक, वर्षाचे तीनशे दिवस, म्हणजे वर्षाला पंधरा लाख. "दोन कोटी म्हणजे तेरा वर्षं चालायला हवा होता." हिशेबनीस तो, गुणाकार बरोबरच होता. पण तो आकडा ठरावीक परिस्थितीत यंत्राने दाबून काढलेला. परळच्या चौथ्या मजल्यावर, उघड्या खिडकीत चार पावसाळी महिने आणि घामेजलेला हात, हे त्या परिस्थितीत येत नाही. दमट हवेचा आणखी एक पुरावा माऊसच्या अंगावरच होता. बाजूचं रबरी आवरण चिकट झालं होतं, बोटाला काळं लागत होतं. मुंबईत हे आवरण असंच वितळल्यासारखं होतं. म्हणून मी कुणालाही रबर चढवलेला माऊस घेऊ देत नाही. साधं खरखरीत प्लास्टिक बरं.

दुरुस्ती होते का? होते. माऊसच्या पोटाखालच्या गुळगुळीत पट्ट्या सोलल्या की खाली स्क्रू सापडतात. कॉन्टॅक्ट क्लीनर मारला तर थोडे दिवस बरं वाटतं, आणि सोल्डरिंग येत असेल तर स्विचच बदलता येतो, सुटा स्विच फार महाग नसतो. इथे मी नको म्हटलं. चाकही उलटसुलट उड्या मारत होतं, वायर ट्रेच्या फटीत अडकून एका जागी सोलली होती, आणि आवरणाची ती गत. तीन दुरुस्त्या एका माऊसवर कोण करणार?

बारा हजार कशाला हवेत?

या प्रश्नावर आम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि मला तरी तोच सगळ्यात मजेचा भाग वाटला.

डीपीआय म्हणजे माऊस एक इंच सरकला की तो कंप्युटरला किती पावलं कळवतो. बारा हजारांवर 1920 पिक्सेल रुंदीचा अख्खा स्क्रीन ओलांडायला माऊस चार मिलिमीटर हलवला की पुरे. शिंक आली तरी पॉइंटर भिंतीपलीकडे. हे भावाला सांगितल्यावर तो म्हणाला, "पण मला माऊस फार हलवायला जागाच नाही ना." तेव्हा कुठे मुद्दा बाहेर आला.

टेप काढली. ट्रे 62 सेंटिमीटर. आकड्यांच्या खणासकट पूर्ण कीबोर्ड 44. उरले 18. एवढ्याशा जागेत मागे वळून बघता यावं म्हणून त्याने खेळात वेग चढवून ठेवला होता : माऊस 1600 डीपीआयवर आणि खेळातली सेन्सिटिव्हिटी 0.8. व्हॅलोरंटमध्ये सेन्सिटिव्हिटी 1 असताना माऊसच्या एका पावलाला नजर 0.07 अंश फिरते. म्हणजे 0.8 वर 0.056 अंश. पूर्ण 360 अंशांच्या गिरकीला सुमारे 6,430 पावलं, आणि 1600 डीपीआयवर ती होतात 4 इंचांत, दहा सेंटिमीटरच्या आसपास. एवढ्या चढ्या वेगावर लांबच्या खिडकीतलं डोकं नेमकं टिपायचं तर बोट केसाइतकंच हलायला हवं. हात कापतो असं त्याला वाटत होतं. हात ठीक होता, हिशेब चुकत होता.

सरळ उपाय म्हणजे आकड्यांच्या खणाविना छोटा कीबोर्ड. पण हिशेबाच्या माणसाला आकड्यांचा खण काढून घे म्हणणं म्हणजे वाण्याकडून तराजू काढून घेणं. मग असं ठरलं की दिवसा कीबोर्ड आपल्या जागी, आणि रात्री तो तिरपा करून डावीकडे सरकवायचा, एक कोपरा ट्रेबाहेर लोंबला तरी चालेल. खेळायला डाव्या बाजूच्याच कळा लागतात. माऊससाठी अठराच्या जागी पंचवीस-सव्वीस सेंटिमीटर मिळाले. सेटिंग 800 डीपीआय आणि 0.5 केली. आता पूर्ण गिरकीला साधारण 33 सेंटिमीटर लागतात, मागे वळायला साडेसोळा. बसतं.

म्हणजे बारा हजारांच्या अटीपैकी लागले आठशे. आजचा कुठलाही बरा सेन्सर तेवढं डोळे मिटून करतो. हे सगळं जुन्या माऊसवर, दुहेरी क्लिक सोसत करून बघितलं, आणि भावाचा पहिला उद्गार : "अरे, हे फुकट झालं की!"

पोलिंग रेटबद्दलही त्याने वाचलं होतं. 125 हर्ट्झचा माऊस दर 8 मिलिसेकंदांनी आपली जागा कळवतो, 1000 चा दर 1 मिलिसेकंदाने. त्याचा मॉनिटर 60 हर्ट्झचा, नवं चित्र येतं 16.7 मिलिसेकंदांनी. मित्रांबरोबर रात्री दीड तास खेळणाऱ्याने यावर झोप उडवू नये. 1000 मिळत असेल तर घ्यावा, त्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत.

आवाज कुणाचा?

आवाजाची अट मावशीमुळे होती आणि तिच्यामुळे पर्याय भलतेच आखडत होते. आवाज न करणारे जे माऊस मी पाहिले ते दोन टोकांचे. एका टोकाला लॉजिटेक एम331 सारखे साधे, तीन बटणांचे, 1000 डीपीआयचे. अंगठ्याखाली एकही बटण नाही. दुसऱ्या टोकाला एमएक्स मास्टर 3एस. एक्सेलसाठी त्याच्यासारखा माऊस मी पाहिला नाही, अंगठ्याजवळ आडवं सरकवायला वेगळं चाक आहे. पण वजन 141 ग्रॅम, रुंदी सव्वाआठ सेंटिमीटरच्या वर, आणि किंमत बजेटच्या तिप्पट. खेळताना माऊस सारखा उचलून परत ठेवावा लागतो. 141 ग्रॅम उचलून बघा एकदा तासभर.

म्हणून विकत घ्यायच्या आधी एक रात्र प्रयोग केला. माझा स्वतःचा खेळाचा माऊस, ज्याचे क्लिक चांगलेच खणखणीत आहेत, तो त्याच्याकडे ठेवून आलो. सकाळी मावशीला फोन.

"मावशी, काल रात्री झोप लागली का गं? टकटक ऐकू आली?"

"टकटक कसली रे बाळा? तो ओरडतो ना, 'डावीकडे आहे, डावीकडे आहे', त्याने जाग येते. आणि तो ट्रे कुरकुरतो."

माऊस निर्दोष सुटला. ट्रेच्या पट्ट्यांना मशीनचं तेल घातलं. प्लायवूड पोकळ ढोलकीसारखं वाजत होतं, त्यावर चार मिलिमीटर जाडीचं कापडी माऊसपॅड टाकलं. क्लिकचा दणका निम्मा तरी त्यात मुरला. ओरडण्यावर उपाय बाजारात मिळत नाही.

लॅमिंग्टन रोड

उरलेल्या अटी आता खऱ्या होत्या : वायर नको, कारण ट्रे ती पुन्हा खाणार, अंगठ्याखाली दोन बटणं, शंभर ग्रॅमच्या आसपास, रबर नको, तीन हजारांच्या आत. आणि एक अट मी घातली. सेटिंग माऊसच्या स्वतःच्या मेमरीत राहायला हवी. भावाच्या ऑफिसच्या लॅपटॉपवर बाहेरचं सॉफ्टवेअर टाकता येत नाही. डीपीआय सॉफ्टवेअरच्या भरवशावर असेल तर घरी एक वेग, बीकेसीत दुसरा, आणि मनगटाचा गोंधळ.

शनिवारी दुपारी ग्रँट रोडला उतरलो. रस्त्याचं कागदोपत्री नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण टॅक्सीवाल्यापासून घाऊक व्यापाऱ्यापर्यंत सगळे लॅमिंग्टनच म्हणतात. रविवारी जाऊ नका, बहुतेक शटर खाली असतात. इथे येण्याचा फायदा किमतीत राहिला नाही, ऑनलाइनही तीच मिळते. फायदा हाताचा. भावाचा हात मनगटाच्या रेषेपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत 18.2 सेंटिमीटर. माऊसची लांबी याच्या साधारण साठ टक्के असावी असा एक ढोबळ ठोकताळा आहे, म्हणजे अकरा सेंटिमीटरच्या आसपास. पण तळहात पूर्ण टेकवणाऱ्याला थोडा मोठा लागतो आणि बोटांच्या टोकांनी चालवणाऱ्याला लहान. भाऊ बोटं वाकवून, पंजा करून धरतो. हे त्याला स्वतःला माहीत नव्हतं. काउंटरवर चार माऊस हातात दिल्यावर दिसलं.

रेझर डेथॲडर इसेन्शियल त्याच्या हाताला लांब पडला, 12.7 सेंटिमीटर, आणि तो वायरचाच. लॉजिटेक जी102 हातात फिट बसला, वजन 85 ग्रॅम, किंमत सगळ्यात कमी. वायर नको नसती तर मी तोच घे म्हटलं असतं. त्याच आकाराचा वायरलेस भाऊ म्हणजे जी304 : 11.66 सेंटिमीटर, सेल धरून 99 ग्रॅम, सहा बटणं, 1000 हर्ट्झ, सेटिंग माऊसमध्ये साठते. गंमत म्हणजे त्याच्या डब्यावर ठळक अक्षरांत बारा हजार डीपीआयच लिहिलं होतं. ज्या आकड्याचा हट्ट सोडला, तो असा आपणहून पदरात पडला.

ज्यात बटणाखाली धातूऐवजी प्रकाशाचा किरण कापला जातो असे स्विचही आहेत. रेझरने 2019 मध्ये वायपर या माऊसमध्ये ते आणले. त्यात थरथर होण्याचा प्रश्नच येत नाही. दुहेरी क्लिकने पोळलेल्या माणसाला मी खरं तर तेच सुचवलं असतं, पण त्या दिवशी आमच्या बजेटात वायरलेस असा एकही दिसला नाही. मग वॉरंटी बघितली.

वॉरंटीचं तिथे नेहमीचं नाटक. "बिल पाहिजे का?" बिलाशिवाय दोनशे रुपये कमी. माऊसवर जीएसटी 18 टक्के आहे, तेव्हा मोह पडतो. पण ज्या वस्तूचा ठरलेला आजार दोन-अडीच वर्षांनी उमटतो, तिचं बिल हाच विमा. बिल घेतलं, त्यावर सिरियल नंबर लिहून घेतला. डब्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, एमआरपी आणि महिना-वर्ष छापलेलं लेबल आहे ना ते पाहिलं. लेबल नसलेला डबा म्हणजे मागच्या दाराने आलेला माल, त्याला इथली वॉरंटी मिळण्याचा भरवसा नाही. 2,750 रुपये झाले. माऊसपॅडचे वेगळे.

चार महिन्यांनी

पहिल्याच संध्याकाळी तक्रार आली : पॉइंटर अडखळतो. डोंगल, म्हणजे माऊसचे संदेश पकडणारा यूएसबीचा छोटा तुकडा, कॅबिनेटच्या मागे निळ्या यूएसबी 3 पोर्टमध्ये होतं आणि शेजारी बाहेरची हार्ड डिस्क. यूएसबी 3 चालू असताना 2.4 गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट करतं आणि माऊस बोलतो तो त्याच पट्ट्यात. त्यात चाळीसारखी दाटी, दर घराचं वाय-फाय. डब्यात डोंगलसाठी एक्स्टेन्शन वायर येते, ती लोक न उघडताच ठेवून देतात. तिने डोंगल ट्रेच्या कडेला आणलं, अडखळणं बंद.

सेल एक डबल-ए लागतो. कंपनी 250 तास म्हणते. भावाचा वापर दिवसाला दहा तास, म्हणजे महिन्याला एक सेल. त्याने रिचार्जेबलची जोडी घेतली, एक माऊसमध्ये, एक चार्जरमध्ये. अंगठ्याच्या दोन बटणांवर कंट्रोल-पेजअप आणि कंट्रोल-पेजडाऊन बसवलं, त्यामुळे एक्सेलच्या शीट अंगठ्याने उलटतात. आडवं चाक नसल्याची भरपाई कंट्रोल-शिफ्ट धरून चाक फिरवण्याने होते. नव्या एक्सेलमध्ये तशी सोय आहे आणि त्याच्या ऑफिसात ती कुणालाच ठाऊक नव्हती. विंडोजमधलं "एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन" (हात झपकन हलला की पॉइंटर आणखी लांब नेणारी सोय) बंद केल्यावर दोन दिवस त्याने शिव्या घातल्या, तिसऱ्या दिवशी विसरला.

जुलैच्या पावसात पुन्हा शंभर क्लिक मोजले. दुहेरी एकही नाही. चार महिन्यांत हे अपेक्षितच आहे, यावरून काही सिद्ध होत नाही. पुढच्या होळीला परत मोजणार.

आणि जुना माऊस? तो फेकवत नव्हता. सोललेल्या जागी टेप गुंडाळली, रबर खरवडून काढलं, आणि मावशी ज्या जुन्या लॅपटॉपवर दुपारी कीर्तनं बघते आणि पत्ते लावते त्याला जोडला. विंडोजमध्ये मुख्य बटण डाव्याऐवजी उजवं केलं. आता निवडायचं काम ठणठणीत बटणाकडे, आणि आजारी बटणाने दोनदा मेनू उघडला तरी कुणाचं काही बिघडत नाही. मावशी आयुष्यात पहिल्यांदाच माऊस धरत होती. तिला कुणी सांगितलंच नाही की तो उलटा आहे. परवा भावाच्या माऊसवर काहीतरी बघायला बसली आणि म्हणाली, "अरे, तुझा माऊस बिघडलाय."